हातगुणाचे कूळ

कायरोप्रॅक्टिक, म्हणजे पाठीच्या मणक्यांना हाताने दाब किंवा झटका देऊन उपचार करण्याची पद्धत, अमेरिकेतील डेव्हनपोर्ट येथे डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये सुरू केली आणि तिचे नाव सॅम्युएल वीड या धर्मोपदेशकाने सुचवले, हे सर्वश्रुत आहे.

त्या नावातील 'कायरो'चे कूळ मात्र फार जवळचे निघते. मूळ ग्रीक शब्द 'खेइर', म्हणजे हात. मराठी वाचकाला येथे 'कर' आठवणे स्वाभाविक असले, तरी ते साम्य फसवे आहे. 'कर' हा 'कृ' धातूपासून आला, तर 'खेइर'चे नाते भाषाशास्त्रज्ञ हित्ती भाषेतील 'केस्सर' आणि संस्कृत 'हस्त' यांच्याशी जोडतात, आणि 'हस्त'चाच प्राकृतात 'हत्थ' व मराठीत 'हात' झाला. 'सर्जरी' हा शब्दही याच 'खेइर'चा वंशज आहे. मराठी माणूस वैद्याच्या ज्या 'हातगुणा'वर विश्वास ठेवतो, तो या उपचाराच्या नावातच वसलेला होता.

पामर यांनी श्रेय दिले ते मात्र हाडाला. पहिला रुग्ण हार्वी लिलार्ड बहिरा होता आणि त्यानंतरचा, पामर यांच्याच सांगण्यानुसार, हृदयविकाराचा. सरकलेला मणका नस दाबतो म्हणून असे विकार होतात, ही त्यांची उपपत्ती. परंतु श्रवणाची नस कवटीबाहेर येतच नाही आणि हृदयाची गती मंदावणारी व्हेगस नस मणक्यांमधून न निघता कवटीच्या तळातून निघते. ताणाच्या वेळी ठोके वाढवणारे तंतू तेवढे पाठीच्या वरच्या मणक्यांपाशी उगम पावतात. उपचारानंतर ठोक्यांमधील अंतराचा चढउतार, जो ताण ओसरल्याची एक खूण मानला जातो, बदलल्याचे आणि मेंदूच्या विद्युत्-प्रतिसादात फरक पडल्याचे काही छोट्या अभ्यासांत नोंदले गेले आहे, तेही हाडापेक्षा स्पर्शाच्या खाती मांडणे अधिक योग्य ठरावे, कारण संथ, हळुवार स्पर्श टिपणारे त्वचेतील तंतू भावनांशी निगडित अशा इन्सुला या मेंदूच्या भागाकडे संदेश नेतात. उसण भरल्यावर पायाळू व्यक्तीचा, म्हणजे जन्मताना जिचे पाय आधी बाहेर आले तिचा, पाय कमरेला लावून घेण्याची महाराष्ट्रातील जुनी रीत हाच तर्क बळकट करते. तेथे मणका कोणी बसवत नाही, तरी उतार पडल्याचे लोक सांगत आले आहेत.

पामर यांची उपपत्ती पटण्यास आपल्याकडे भाषेचाही हातभार लागतो. तासन्‌तास एकाच जागी बसून आखडलेल्या मानेचे वर्णन मराठीत 'शिरेवर शीर चढली' असे होते. 'शीर' ही मूळची 'सिरा', म्हणजे रक्तवाहिनी. बोलीत ती नसही झाली, आणि या दुहेरी अर्थामुळेच नस मोकळी केली की हृदयही सुधारते, ही कल्पना मराठी कानाला सहज पटत असावी.

पण मानेपाशी पहिला अर्थच महत्त्वाचा ठरतो. मेंदूला रक्त पुरवणारी धमनी मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या छिद्रांतून जाते आणि मानेला दिलेल्या झटक्यानंतर ती फाटून पक्षाघात झाल्याच्या, क्वचित का होईना, नोंदी आहेत. छातीत दुखत असेल किंवा रक्तदाब वाढला असेल, तर मान कोणाच्या हाती देण्याआधी वाचकांनी हृदयरोगतज्ज्ञ गाठावा.