बोर्ड बदलले, अर्थिंग राहिलं

आपल्या सोसायटीत पंचवीस वर्षांत काय काय बदललं, असं विचारलं की रंगकाम आठवतं, पार्किंग आठवतं, बोअरची मोटर आठवते. भिंतीवरचा बोर्ड कुणालाच आठवत नाही. खरं तर दिवसभरात सर्वांत जास्त वेळा हात लागतो तो त्यालाच.

ताबा मिळाला तेव्हा एका खोलीत एकच बोर्ड होता. ट्यूब, पंखा, खोक्याएवढा रेग्युलेटर आणि एक छोटा प्लग. मोठा पॉवर प्लग फक्त स्वयंपाकघरात आणि गिझरसाठी बाथरूममध्ये. तेव्हा आम्हाला तेही भरपूर वाटलं, कारण आमच्या जुन्या घरात लाकडी पट्टीवरून वायर फिरवलेली, काळे बॅकेलाइटचे स्विच, आणि इस्त्री चालायची ती बल्बच्या होल्डरवर!

तीन गोल पिनांचा आपला प्लग मूळचा ब्रिटिश, १९३४ सालच्या मानकातला. खुद्द ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पिनांचं नवं मानक आणलं. आपण मात्र गोल पिनाच ठेवल्या. जुन्या माणसांच्या तोंडी अजून ५ आणि १५ अँपिअर असलं, तरी आता ते ६ आणि १६ झाले आहेत. स्विचचं म्हणाल, तर १९६३ साली मुंबईत सुरू झालेल्या अँकरचे पांढरे पियानो स्विच घरोघरी दिसायचे. २००७ मध्ये या कंपनीचा मोठा हिस्सा जपानकडे गेला.

आपल्या नागापूर एमआयडीसीत तर स्विचगिअरचाच कारखाना. दोन डॅनिश इंजिनिअरांनी १९३८ मध्ये मुंबईत काढलेल्या लार्सन अँड टुब्रोचा हा विभाग २०२० साली श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला. आपल्यातल्या काही जणांनी उमेदीची वर्षं तिथल्या पाळ्यांमध्ये काढली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की गोष्ट आपल्याच घरात घडली.

मॉड्युलर स्विचची लाट आली आणि एकेका फ्लॅटचे बोर्ड बदलले. आम्हीही बदलले. दिसायला झकास! पण आतली वायर तीच. ६ अँपिअरच्या प्लगवर २३० व्होल्टला १३८० वॅटच चालतात; २००० वॅटच्या गिझरला किंवा इंडक्शनला १६ अँपिअरचाच प्लग आणि त्याची स्वतंत्र, जाड वायर लागते. नवी प्लेट बसवल्याने जुनी वायर जाड होत नाही.

मग एका मे महिन्यात वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. शेजारच्या वहिनींनाही फ्रिजचा तोच अनुभव. मशीन तपासलं, ठीक. प्लग नवा, ठीक. शेवटी वायरमन खाली गेला आणि जिन्यामागचा अर्थिंगचा खड्डा शोधून त्याने झाकण काढलं. आत कोळसा-मीठ कोरडंठाक, आणि पट्टीचा जोड गंजून तुटलेला. म्हणजे आमच्या प्लगची तिसरी पिन कुठेच जोडलेली नव्हती. ही पिन जाड आणि लांब असते, कारण तिने सगळ्यांत आधी जोडलं जायचं आणि सगळ्यांत शेवटी सुटायचं. उपकरणात वीज उतरली तर तिला जमिनीची वाट दाखवणं हे तिचं काम. आमच्याकडे ती वाट म्हणजे, देव न करो, घरातलंच माणूस ठरलं असतं.

दोष कुणाचा? कुणाचाच नाही आणि सगळ्यांचाच. बोर्ड ज्याचा त्याचा, म्हणून बदलला. खड्डा सोसायटीचा, म्हणून राहिला. नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात जमिनीतली ओल जाते, तेव्हा त्यात पाणी ओतावं लागतं, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

त्या आठवड्यात खड्डा नव्याने भरला, जोड बदलला, झिणझिण्या थांबल्या. काही घरांनी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवला. एमसीबी वायर वाचवतो. गेलेली वीज आणि परतलेली वीज यांत फरक पडला की हा तत्काळ लाइन तोडतो आणि माणूस वाचवतो.

रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने एवढीच विनंती: दरवर्षी अर्थिंग मोजून घ्यायचं, हे वार्षिक सभेत ठरवून टाकू या. आणि उन्हाळ्यात खालून जाता-येता खड्ड्यात एक बादली पाणी ओतत जाऊ या. पाळी कुणाची, हे विचारू नये.