कॉफीगृहांवरील फर्मान
लंडनच्या कॉर्नहिल भागात १६५२ च्या सुमारास पास्क्वा रोझे नामक परदेशी इसमाने कॉफीगृह उघडले, आणि पुढे शहरभर अशी गृहे पसरली, तेव्हा एक पेनी मोजणाऱ्या कोणाही पुरुषास (स्त्रियांचा तेथे ग्राहक म्हणून वावर क्वचितच) तंबाखू ओढीत राजकारणावर, नव्या नाटकावर आणि शेजाऱ्याच्या अब्रूवर यथेच्छ मतप्रदर्शन करण्याची मुभा मिळाली. पेय कडू व गढूळ; गोडी होती ती गप्पांची. ही वाचाळता दुसऱ्या चार्ल्सच्या दरबारास इतकी जाचली की २९ डिसेंबर १६७५ रोजी सर्व कॉफीगृहे बंद करण्याचा जाहीरनामा निघाला. परंतु त्याचा अंमल सुरू होण्यापूर्वीच, जनक्षोभ पाहून, तो मागे घ्यावा लागला. मालकांकडून राजनिंदेचे कागद रोखण्याचे मुचलके तेवढे लिहून घेण्यात आले. जिभेला मुचलका कसा घालावा, हे मात्र कोणत्याही कारकुनास सुचले नाही.