टिंबानंतरचा ‘भारत’

१/ देवळाली प्रवरा हे राहुरी तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव. ‘प्रवरा’ जोडल्याने नाशिकजवळच्या देवळालीशी होणारा घोळ टळतो. हे नाव इंटरनेटवर संपूर्ण देवनागरी पत्त्यात लिहायचे, तर शेवटच्या टिंबानंतर काय लिहावे? या प्रश्नाचे सरकारमान्य उत्तर मिळण्यास २०१४ साल उजाडले.

२/ टिंबानंतरच्या या भागाला उच्चस्तरीय डोमेन म्हणतात. १९८४ साली त्याचा आराखडा ठरला: ‘.कॉम’सारखी सर्वसाधारण नावे आणि देशांची दोन रोमन अक्षरे. देश कोणता, हा वाद इंटरनेटच्या चालकांनी अंगावर घेतला नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची यादी प्रमाण मानली गेली.

३/ त्या यादीच्या आधारे मे १९८९ मध्ये भारताला ‘.इन’ मिळाले. आरंभी त्याचा कारभार मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होता.

४/ लिपी मात्र रोमनच. २००३ मध्ये अन्य लिप्यांतील नावे यंत्रासाठी रोमन संकेतात बदलण्याची पद्धत प्रमाणित झाली. तीनुसार यंत्र ‘भारत’ हा शब्द ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असा वाचते. तंत्र होते, परवानगी नव्हती. नोव्हेंबर २००९ मध्ये आयकॅनने देशांसाठी जलद मार्ग खुला केला. अट अशी की, नाव देशाचेच आणि तेथील अधिकृत भाषेत असावे.

५/ २०११ मध्ये भारताच्या सात लिप्यांतील नावांना मंजुरी मिळाली. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरी ‘.भारत’ सुरू झाले. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी यांसह आठ भाषांसाठी ते एकच आहे.

६/ दुसरा मार्ग पैशाचा. २०१२ च्या फेरीत एका अर्जाचे शुल्क १,८५,००० डॉलर होते. तरीही १,९३० अर्ज आले. ‘.लंडन’, ‘.पॅरिस’ याच फेरीतील. शहराच्या नावाला संबंधित शासनाची संमती लागे.

७/ याच मार्गाने देवनागरी ‘.कॉम’, ‘.नेट’ आणि ‘.संगठन’ आले. अर्जदार अमेरिकी संस्था होत्या. मराठीत शब्द ‘संघटना’ आहे. मुळात नोंदले गेले ते हिंदी रूप. नाव निवडण्याचा अधिकार अर्जदाराचा, आणि मराठीच्या बाजूने अर्ज करणारे कोणी नव्हते.

८/ म्हणून ‘.भारत’चे महत्त्व. आठही भाषांत त्याचे लेखन एकच आहे, आणि टिंबाआधी देवळालीला आपला ‘ळ’ राखता येतो.