आनंदीबाईंची परदेशातली चूल

गावातलं लेकरू परदेशी निघालं की आपल्या बचत गटांकडं मागणी येते: शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, मेतकूट, पापड. बॅगेच्या वजनात बसेल तेवढं आपण ठासून भरतो. आज आम्ही सांगणार आहोत ते 1883 साली अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशींच्या जेवणाबद्दल. त्या डॉक्टर झाल्या हे आपल्या पोरींना शाळेत शिकवतात. तिथं तीन वर्षं त्यांनी काय खाल्लं, हे कुणी विचारत नाही.

निघण्याआधी, फेब्रुवारीत, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला त्यांनी भरसभेत भाषण केलं. (आपल्या जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे बरं का!) हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, पोशाख आणि खाणंपिणं बदलणार नाही, असं त्यांनी सांगितलं. वय अठराही पूर्ण नव्हतं. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला असं मानायचा तो काळ. वचन ऐकणाऱ्यांपैकी कुणाला त्या परक्या चुलीसमोर बसायचं नव्हतं, बसायचं होतं ते एकट्या आनंदीबाईंना.

7 एप्रिलला बोट सुटली, जूनमध्ये न्यूयॉर्क आलं. न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी त्यांना माहेरासारखी माया मिळाली. खरी परीक्षा फिलाडेल्फियाच्या कॉलेजात. भारतीय किराण्याची दुकानं तेव्हा अमेरिकेत नव्हती. भाड्याच्या खोलीतली शेगडी नीट पेटेना, खोलीभर धूर व्हायचा. धूर सोसायचा नाही तर थंडी. त्यात अभ्यास, आणि स्वतःच्या हातानं शाकाहारी स्वयंपाक. पहिल्याच वर्षी घटसर्पानं गाठलं. दुखण्याचं सगळं खापर आम्ही जेवणावर फोडत नाही, पण पोटभर आणि वेळेवर जेवण मिळालं नाही तर अंगात काय उरतं, हे शेतात राबणाऱ्या बाईला सांगायला नको.

लुगड्याच्या बाबतीत मात्र त्यांनी वाट काढली. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, तिथली थंडी सोसवेना, म्हणून त्या गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या. खाण्याचा नेम तेवढा सैल झाला नाही.

त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथं त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला, तरी शाकाहार सोडला नाही. त्यांना सांभाळणाऱ्या जोगिणीला यात जातीचा ताठा दिसला. रमाबाईंनी पत्रातून सुनावलं: एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला आली आणि कुणाला त्रास न होणाऱ्या आपल्या सवयी तिनं सोडल्या नाहीत, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हटलेलं चालेल का? आपल्या नगरात तर अमेरिकन मिशनरी 1831 पासून राहत होते. त्यांनी त्यांचं जेवण सोडावं असा हट्ट कुणी धरला असता तर? आम्हाला रमाबाईंचं म्हणणं पटतं. त्यांचा शाकाहार त्यांनी स्वतः निवडलेला होता, समाजाला दिलेल्या वचनाचं ओझं त्यावर नव्हतं.

11 मार्च 1886 ला आनंदीबाईंना पदवी मिळाली. सोहळ्याला रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. त्याच वर्षाअखेर आनंदीबाई क्षयानं खंगलेल्या परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात वारल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

अमेरिकेनं 1965 मध्ये कायदा बदलला आणि आपली माणसं मोठ्या संख्येनं तिकडं जाऊ लागली. रोझेल ज्या न्यू जर्सीत आहे, तिथंच एडिसन गावाच्या ओक ट्री रोडवर आता भारतीय किराण्याची रांगच आहे. तूरडाळ, पोहे, कढीपत्ता, सगळं मिळतं. अडतं ते आपल्या बाजरीपाशी. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, दुकानात किती दिवस पडून आहे कळत नाही. म्हणून पुष्कळ जणी अख्खी बाजरी आणतात आणि लागेल तेवढीच घरी मिक्सरवर दळतात.