ॲक्वापोनिक्सच्या वाफ्यात कोळी दिसले तर काय करायचं?

ॲक्वापोनिक्समध्ये माशांच्या टाकीतलं पाणी खडी भरलेल्या वाफ्यांमधून फिरून पुन्हा टाकीत येतं. माशांनी सोडलेल्या अमोनियाचं जिवाणू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात आणि त्यावर झाडं वाढतात. अशा वाफ्यांमध्ये अनेकदा कोळी मुक्काम ठोकतात.

कोळी का येतात?

खडीच्या फटींमध्ये लपायला जागा असते. ओलाव्यावर चिलटं वाढतात, पानांवर मावा आणि तुडतुडे येतात. हेच कोळ्यांचं खाद्य. त्यातला लांडगा कोळी शिकारीसाठी जाळं विणत नाही, धावत जाऊन भक्ष्य पकडतो. मादी अंड्यांची पिशवी पोटाच्या टोकाला लावून फिरते आणि पिल्लांना पाठीवर घेते.

फवारणी का करू नये?

सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशकं माशांसाठी अत्यंत विषारी असतात. वाफ्यात पडलेलं औषध पाण्याबरोबर थेट टाकीत जातं. त्यामुळे इथे कोळ्यांची मदत मोलाची ठरते. मात्र ते मधमाश्यांसारखे उपयोगी कीटकही खातात.

'लाल कोळी' वेगळा

मराठीत 'लाल कोळी' म्हटली जाणारी कीड म्हणजे जाळं विणणारा नेहमीचा कोळी नव्हे. जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची ही कीड पानांमधला रस शोषते. पानांवर फिकट ठिपके आणि मागे बारीक जाळी दिसली, तर पानांच्या खालून साध्या पाण्याचा जोरदार फवारा मारावा, जास्त खराब पानं काढून टाकावीत.

बहुतेक कोळी माणसाला अपाय करत नाहीत. तरीही खडी हलवताना हातमोजे घालावेत.