वेबसाईट बनवून घेताय? कंपनी ठरवण्याआधी एवढे तपासा

समजा, बिबवेवाडीत गंगाधाम चौकाजवळ तुमचे मसाल्यांचे दुकान आहे. माल मार्केटयार्डातून येतो, गिऱ्हाईक आसपासच्या सोसायट्यांतले. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी येतात, इन्स्टाग्रामवर अधूनमधून रील टाकता. मग एक दिवस कोणीतरी म्हणते, "अहो, आता वेबसाईट करून टाका." तुम्ही तीन ठिकाणी विचारता. एक जण पाच हजार सांगतो, दुसरा पन्नास हजार, तिसरा दीड लाख. तिघेही म्हणतात, "सगळं त्यात आलं."

चला तर मग, हे "सगळं" म्हणजे नेमके काय ते आधी पाहूया.

भावात एवढा फरक का?

वेबसाईट ही एक वस्तू नाही. डोमेन म्हणजे तुमचा इंटरनेटवरचा पत्ता. होस्टिंग म्हणजे त्या पत्त्यावरची भाड्याची जागा. डिझाईन म्हणजे तिथले दुकान, मजकूर आणि फोटो म्हणजे त्यातला माल, आणि देखभाल म्हणजे रोजची झाडलोट. पाच हजारवाला बहुतेक वेळा वर्डप्रेसवर एक तयार थीम घेतो आणि त्यात तुमचे नाव व फोटो बसवतो. वर्डप्रेस २००३ पासून मोफत उपलब्ध आहे आणि जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाईट त्यावर चालतात. त्यामुळे हा मार्ग वाईट मुळीच नाही. पत्ता, वेळ, फोन नंबर आणि भावपत्रक दाखवायचे असेल तर तेवढे पुरते. फक्त तेच काम "खास तुमच्यासाठी बनवलेले" म्हणून पन्नास हजारांना विकले जात नाही ना, एवढे बघा. "कोणती थीम वापरणार?" असा सरळ प्रश्न विचारला की उत्तरावरून बरेच कळते.

भाव विचारताना दुसऱ्या वर्षाचा खर्च वेगळा विचारा. पहिले वर्ष स्वस्त आणि पुढचे महाग, हा प्रकार नेहमीचा आहे. सुरक्षित कुलपाचे चिन्ह दाखवणारे एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत मिळते, साध्या वेबसाईटला ते चालते. त्याचे वेगळे हजारो रुपये लावले असतील तर कारण विचारा.

डोमेन कोणाच्या नावावर?

सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डोमेन विकत मिळत नाही, ते ठराविक वर्षांसाठी नोंदवले जाते. ज्याच्या नावावर आणि ज्याच्या ईमेलवर नोंद, त्याचा ताबा. पैसे तुम्ही दिलेत याला तिथे किंमत नाही. वेबसाईटवाले सोयीसाठी आपल्याच खात्यातून, आपल्याच ईमेलवर नोंदणी करतात. तीन वर्षे सुरळीत जातात. मग तो माणूस दुसरा धंदा धरतो, फोन उचलत नाही किंवा वाद होतो. तोवर दुकानाच्या पाटीवर, पिशवीवर आणि पावतीवर तोच पत्ता छापलेला असतो. तुमचा व्यवसायाचा ईमेलही त्याच डोमेनवर असेल तर तोही बंद.

डॉट कॉम नावाची मुदत संपली की ते लगेच जात नाही. आधी नूतनीकरणाची थोडी सवलत असते. ती संपल्यावर ३० दिवस जास्त पैसे भरून सोडवून घेता येते. त्यानंतर ५ दिवसांनी ते नाव कोणालाही घेता येते. पण हे सोडवण्याचे कामही खातेदारालाच करता येते. आठवण करून देणारे ईमेल तुमच्याकडे येतच नसतील, तर तुम्हाला कळणार तेव्हा जेव्हा गिऱ्हाईक सांगेल.

म्हणून नोंदणीचे खाते स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाईलवर उघडा, पैसे स्वतः भरा आणि कंपनीला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्या. अर्ध्या तासाचे काम आहे. आधीच दुसऱ्याच्या नावावर असेल तर संबंध चांगले असतानाच बदलून घ्या. डॉट कॉमच्या बाबतीत खातेदाराने मागितल्यावर नोंदणी कंपनीला ५ दिवसांत ट्रान्सफर कोड द्यावा लागतो. मात्र नव्याने नोंदवलेले नाव पहिले ६० दिवस सहसा हलवता येत नाही.

डॉट इन नावांचा कारभार निक्सी ही संस्था बघते. तिथे वाद सोडवण्यासाठी लवादाची सोय आहे, पण तुमचा त्या नावावर हक्क, उदाहरणार्थ ट्रेडमार्क, आणि समोरच्याचा वाईट हेतू दाखवावा लागतो. खर्च आणि वेळ दोन्ही जातात. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत नावही घेता येते. हौस म्हणून जरूर घ्या, पण मुख्य पत्ता तोच ठेवू नका. फोनवर सांगायला आणि ईमेलला इंग्रजी अक्षरांचा पत्ता अजून सोयीचा पडतो.

पैसे दिले म्हणजे डिझाईन आपले?

नाही, आपोआप नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कामाचा पहिला मालक साधारणपणे ते करणारा असतो. पगारी नोकराचे काम मालकाचे ठरते, पण बाहेरच्या कंपनीकडून करून घेतलेला कोड किंवा मजकूर लेखी हस्तांतरण झाल्याशिवाय तुमचा होत नाही. त्या कागदावर सही लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून "पूर्ण रक्कम मिळाल्यावर सर्व हक्क कायमस्वरूपी व जगभरासाठी ग्राहकाकडे" एवढे एक वाक्य कोटेशनमध्ये घालून घ्या आणि दोघांनी सह्या करा. वर्डप्रेस किंवा तयार थीमचे हक्क अर्थात कोणी देऊ शकत नाही. ते परवान्यावरच असतात.

फोटोंचेही बघा. गुगलवरून उचललेला मिरचीचा फोटो तुमच्या साईटवर लागला, तर नोटीस तुम्हालाच येईल. आपल्याच दुकानात, दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो जास्त चांगला.

मराठी मजकूर

पुण्यात पत्रके आणि पाट्या छापणाऱ्यांकडे मराठी मजकूर अनेकदा श्रीलिपीत असतो. जुन्या फॉन्टमधला तो मजकूर वेबसाईटवर तसाच चिकटवला तर भलतीच अक्षरे दिसतात, म्हणून तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. काही डिझायनर यावर उपाय म्हणून मजकुराचे चित्रच लावतात. दिसायला ठीक, पण चित्रातली अक्षरे गुगलला नीट शोधता येत नाहीत आणि मोबाईलवर बारीक दिसतात. कंपनीचे आधीचे एखादे मराठी काम उघडा आणि त्यातला शब्द कॉपी करून बघा. कॉपी झाला तर खरा मजकूर आहे.

तिथेच आणखी दोन गोष्टी तपासा. साईट मोबाईल डेटावर उघडा, वायफायवर नको. आणि गुगलच्या पेजस्पीड इन्साइट्सवर तिचा पत्ता टाका, ते मोफत आहे. मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला तर गुगल चांगले मानते.

ऑनलाइन विक्री करायची असेल तर

पॅकबंद मसाला विकत असाल तर निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता ही पाकिटावरची माहिती वेबसाईटवरही द्यावी लागते. वैधमापनाच्या नियमांत ही तरतूद २०१८ पासून लागू आहे. पेमेंट गेटवे देणारे परतावा आणि गोपनीयता धोरणाची पाने मागतात आणि प्रत्येक व्यवहारावर साधारण २ टक्के घेतात. हे सगळे न विचारता सांगणारी कंपनी भेटली, तर तिला दोन गुण जास्त द्या.

जवळचा की मोठा?

अप्पर इंदिरानगरला व्हीआयटी असल्यामुळे या भागात वेबसाईट करून देणारी मुलेही भेटतात. काम बरेचदा छान करतात आणि पैसे कमी घेतात. पण शेवटच्या वर्षानंतर नोकरी लागली की मुलगा बंगळुरूला, हे गृहीत धरा आणि पासवर्ड आजच घ्या. मोठ्या कंपनीत बोलणारा एक आणि काम करणारा दुसरा असतो, तेव्हा काम करणाऱ्याशी एकदा बोलून घ्या.

जीएसटी क्रमांक दिला असेल तर सरकारी पोर्टलवर टाकून नाव जुळते का पाहा. सेवा देणाऱ्याची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सहसा सक्तीची नसते, त्यामुळे क्रमांक नाही म्हणजे लबाड असे नाही. मात्र नोंदणी नसताना बिलात १८ टक्के लावले असतील तर विचारायलाच हवे.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. सुरुवातीला थोडे, डिझाईन पसंत पडल्यावर थोडे, उरलेले ताबा घेताना. ताबा म्हणजे डोमेन, होस्टिंग आणि वर्डप्रेस या तिन्हींचे लॉगिन आणि साईटची पूर्ण प्रत पेनड्राइव्हवर. तिन्ही ठिकाणी स्वतःच्या मोबाईलवरून आत जाऊन पासवर्ड बदला, ओटीपी तुमच्याच नंबरवर येतो ना ते पाहा, आणि मगच शेवटचा हप्ता द्या.