मागेल त्यालाच चित्र

आज जरा वेगळा विषय. पुतण्या नेटवर्कचं काम करतो. त्याच्या तोंडी 'मल्टिकास्ट', 'स्नूपिंग' हे शब्द सारखे येतात. त्याने दिलेले जुने दस्तऐवज शब्दकोश जवळ घेऊन वाचले, आणि लक्षात आलं की हा तर इतिहासाचाच विषय आहे.

१९७३ साली अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. एकाच तारेवर सगळे संगणक. एक बोलला की सगळ्यांना ऐकू जायचं. ज्याचं असेल त्याने घ्यावं. गावातली दवंडीच! संगणक वाढले तसा गोंगाट वाढला. मग १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कंपनीने सात पोर्टचा इथरनेट स्विच बाजारात आणला. कंपनीचं नाव 'कल्पना'. संस्थापकांपैकी एक, विनोद भारद्वाज, भारतीय वंशाचे. त्यांच्या पत्नीचं हे नाव. (१९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. इतकं छान नाव गेलं याची मला उगीच हळहळ वाटली.) स्विच काय करतो, तर पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून कोणता संगणक कोणत्या दारामागे आहे हे लक्षात ठेवतो. पुढचं पाकीट थेट त्याच दारी. दवंडी बंद, पोस्टमन सुरू.

त्याच सुमारास स्टॅनफर्डमध्ये स्टीव्ह डीअरिंग वेगळ्याच प्रश्नावर काम करत होते. एक भाषण पन्नास जणांना ऐकवायला पन्नास प्रती कशाला? एकच पाठवा, वाटेत फाटा फुटेल तिथेच तिची दुसरी प्रत काढा. त्यासाठी २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते गटांसाठी राखले. ज्याला हवं त्याने राउटरकडे मागणी नोंदवायची. १९८९ मध्ये नियम प्रसिद्ध झाले, आणि मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगोतल्या एका बैठकीचा आवाज असाच तीन खंडांतल्या वीस ठिकाणी पोहोचला.

आता गंमत पाहा. गटाचा पत्ता 'पाठवणारा' म्हणून कधीच येत नाही. म्हणजे स्विचला तो शिकताच येत नाही. आणि माहीत नसलेलं पाकीट तो सगळ्याच दारांत टाकतो. पुन्हा दवंडी! तीही अखंड. एक वाहिनी तीन-चार मेगाबिटची धरली तरी पन्नास वाहिन्यांचे दीडशे-दोनशे मेगाबिट होतात. शंभर मेगाबिटचं दार त्यात बुडणारच. कोपऱ्यातल्या प्रिंटरच्या दारीही तोच लोंढा.

आमच्या नेवासा तालुक्यात मुळेच्या उजव्या कालव्याचं पाणी येतं. नमुना नंबर सातचा अर्ज भरायचा, मग पाणी. इथेही अर्ज होताच, पण तो राउटरच्या नावे. मधला स्विच तो नुसता वाहून न्यायचा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्विच बनवणाऱ्यांनी ठरवलं, पाटकऱ्याने वाटेतच अर्ज वाचावा आणि त्याच चारीचं दार उघडावं. हेच स्नूपिंग, म्हणजे डोकावणं. दुसऱ्याच्या नावचं आतलं पत्र स्विचने वाचावं हे शिस्तप्रिय मंडळींना रुचलं नाही. मला विचाराल तर पाणी वाया जाण्यापेक्षा पाटकरी आगाऊ असलेला बरा.

पण आगाऊपणाची किंमत होतीच. राउटर साधारण दर १२५ सेकंदांनी विचारतो, "अजून कुणाला हवंय?" जुन्या नियमाने एकाने हात वर केला की बाकीचे गप्प बसत, कारण राउटरला एक हात पुरे. स्विचला मात्र प्रत्येक हात दिसायला हवा! म्हणून तो एकाचं उत्तर इतरांना कळूच देत नाही, फक्त राउटरकडे पोहोचवतो. (वर्गात हे मला कधी जमलं नाही.) आणि विचारणाराच कुणी नसेल, तर चारेक मिनिटांत मागण्या रद्द होतात आणि चालू चित्र बंद पडतं. मग स्विचलाच प्रश्न विचारायला शिकवावं लागलं.

हे सारं एकत्र लिहून निघालं मे २००६ मध्ये, आरएफसी ४५४१ या दस्तऐवजात. तेही नियम म्हणून नव्हे, माहिती म्हणून. त्याच वर्षी मुंबईत एमटीएनएलने इंटरनेटच्या तारेवरून टीव्ही सुरू केला.

एक जुनी अडचण अजून शिल्लक आहे. डीअरिंग यांना गटांसाठी यंत्र-पत्त्यांचे सोळा संच हवे होते. असं सांगतात, की एका संचाची किंमत होती हजार डॉलर. जॉन पोस्टेल यांनी एकच घेतला आणि त्यातलाही अर्धाच दिला. त्यामुळे आजही बत्तीस गटांना मिळून एकच यंत्र-पत्ता येतो. नुसता तोच पाहणारा स्विच एकाने मागितलं की शेजारच्या गटाचं पाणीही त्याच्या वावरात सोडतो.